उतरवून घेतलेला आवाज

हे लिहायचं मी पाच-सहा वर्षं टाळलं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, मग ते झालेलं होतं. मग सून म्हणाली, जुनं उगाळून तब्येत बिघडवू नका, आणि मी तिचं लगेच ऐकलं. एरवी मी कोणाचं इतक्या पटकन ऐकत नाही.

खरं कारण असं की ज्या ब्लॉगमुळे माझं पुस्तक खपलं, त्या ब्लॉगवर मी एक खोटं वाक्य लिहिलं होतं. आठ शब्दांचं. "हा धवला एका लग्नात प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित केला आहे." लग्न कुठलंच नव्हतं. तेव्हाच हे सांगितलं असतं तर एका म्हातारीचं पुढचं सगळं वाचलं असतं.

ती आमच्या खाडीपट्ट्यातली धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवात दिवा लावून ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. देवांना बोलावते, त्या घरच्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते आणि लग्न पार पडलं की सगळ्यांना गाऊनच परत पोचवते. वडखळच्या पलीकडच्या तीन-चार गावांत ते काम तिच्याकडे होतं. माझं लग्न तिनंच लावलं. तेव्हा तीही तरुण होती, सासूच्या मागे बसून नुकतीच शिकली होती. सगळे तिला बाय म्हणत, मीही. ती मला शेवटपर्यंत बाला, म्हणजे बाळा, म्हणत राहिली. रोह्याच्या कंपनीत मी तीस वर्षं शिफ्टा केल्या, पेणला घर बांधलं, आजोबा झालो, तरी बालाच.

निवृत्तीनंतर मी धवल्यांवर पुस्तक लिहायला घेतलं. हौस होती आणि थोडी अकडही होती. कंपनीत मला 'लेखक' म्हणून चिडवायचे. म्हटलं, एकदा होऊनच दाखवू.

बायकडे वही घेऊन गेलो. दुपार होती. ओट्यावर जवळ्याची सुकट वाळत घातलेली, ती कावळ्यांना काठी दाखवत बसलेली. म्हटलं, "बाय, तुझे धवले लिहून ठेवायचेत. तुझ्यानंतर कोणाला येणार?"

"उतरव की," ती म्हणाली. "कागदाला काय हरकत? कागद गात नाय."

पण ती गायला लागली आणि माझा हात मागे पडला. थांबवलं की तिचा धागा तुटे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोनदा असं झाल्यावर मी खिशातून फोन काढला.

तिनं फोनकडे पाहिलं. "ह्यात आवाज जातो ना?"

"लिहिण्यापुरता. घरी बसून लिहून काढतो आणि पुसून टाकतो."

"पुसशील?"

"पुसतो ना, बाय. तुझ्यासमोर शब्द देतो."

ती उठून आतून लग्नातला पितळी दिवा घेऊन आली. तेल घातलं, वात घातली, समोर ठेवला आणि तसाच ठेवला. म्हणाली, "लगीन नाय तर पेटवू कसा? नि न ठेवता गाऊ कशी?" मी हसलो होतो. आठवलं की आता ते हसणं अंगावर येतं.

आवतणाचा धवला सुरू झाला. देव झाले, गावच्या सीमा झाल्या आणि ती थांबली. "आता घरचं मानूस बोलवायचं. कोनाच्या घरचं बोलवू? जागा रिकामी ठेवता येत नाय."

"आमच्याच घरचं बोलव."

"तुज्या घरात आता लगीन कुटं?"

"होईल की नातीचं. आज ना उद्या."

नात तेव्हा दहावीला होती. बायनं डोळे मिटले आणि माझ्या आजोबांचं नाव घेतलं, वडिलांचं, आईचं. शेवटी माझ्या बायकोचं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं नाव सुरात ऐकलं आणि मी वहीत काही लिहू शकलो नाही. फोन चालूच होता.

ते संपल्यावर ती म्हणाली, "आता पोचवायचा म्हनते. बोलावलेल्यांना उभं ठेवता येत नाय."

मला शेवटची मिनीडोर रिक्षा गाठायची होती. "तो पुढच्या खेपेला घेऊ," म्हणालो आणि वही बंद केली. पुढच्या खेपेला ते राहूनच गेलं. पुस्तकात पोचवणीचा धवला आहे, पण तो मी दुसऱ्या गावातल्या एका बाईकडून घेतलेला आहे.

पुस्तक पेणलाच छापून घेतलं. गठ्ठे पलंगाखाली मावेनात तेव्हा देवघराच्या खोलीत लावले. नातेवाइकांना वाटून झाले, जुन्या कंपनीतल्या मित्रांना देऊन झाले. एकानं तर माझ्यासमोर पुस्तकावर चहाचा कप ठेवला. पेणच्या बाजारातल्या एका दुकानदारानं पाच प्रती दर्शनी ठेवल्या आणि दिवाळीला कॅलेंडरं आली तशा त्या आत गेल्या. वर्ष गेलं. रोज झोपायला वाकलं की ते गठ्ठे दिसायचे.

सून घरून कंपनीचं काम करते. ती म्हणाली, "बाबा, ब्लॉग काढू या. आठवड्याला एक लेख टाका, खाली 'पुस्तक हवं असल्यास' म्हणून नंबर देऊ. लोक वाचतील तर मागतील."

मी नेटानं लेख लिहिले. मांडव कसा घालतात, हळद कोण दळतं, धवलारणीला सुपारी देऊन आवतण कसं देतात. खाली पुस्तकाचं चित्र. प्रत्येक लेख वाचायला आठ-दहा माणसं येत, त्यात दोनदा मीच असे. आमच्या नात्यातल्या एकानं सगळ्या लेखांखाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्यानं एकही वाचला नव्हता हे मला नक्की माहीत आहे.

"नुसतं वाचून कळत नाही हो बाबा," सून म्हणाली. "ऐकायला काही असतं तर लोक थांबले असते."

ऐकायला होतं. मी पुसलं नव्हतं. बायकोचं नाव त्यात होतं म्हणून पुसलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे, आणि ते अर्धं खरं आहे. पण त्या दिवशी सुनेच्या हातात फोन देताना माझ्या मनात बायको नव्हती, पलंगाखालचे गठ्ठे होते.

तिनं ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे कुठल्या लग्नातलं?"

आता कसं सांगू की ओट्यावरचं, जवळ्याच्या वासातलं, न पेटवलेल्या दिव्यापुढचं? लग्नातलं म्हटलं की त्याला वजन येणार होतं. मी म्हणालो, "आहे एक." आणि ते आठ शब्द टाइप केले. ब्लॉगवर चढवताना सुनेनं विचारलं, "त्यांना विचारलंय ना?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिनं तिला हवं तसं घेतलं.

आठ दिवसांत तो आवाज कुठे कुठे गेला. पनवेल, ठाणे, आखातात कामाला गेलेली आमची मुलं. 'अंगावर काटा आला', 'आजीची आठवण झाली', 'पुस्तक कुठे मिळेल?' सून पत्ते उतरवून घेई, मी पाकिटं चिकटवून पोस्टात नेई. पोस्टातली बाई म्हणाली, "काका, लग्नपत्रिका आहेत का एवढ्या?" मला ते फार आवडलं. घरी येऊन मी ते दोनदा सांगितलं.

पुढच्या मोसमात खाडीकाठच्या एका गावातून मला लग्नाचं आमंत्रण आलं. 'लेखक' म्हणून. मांडवात पुढची खुर्ची दिली, खांद्यावर शाल घातली. धवलारीण अर्थात बायच होती. पाटावर बसली होती, पुढे तोच पितळी दिवा, आता पेटलेला. तिनं मला पाहून हात वर केला. मीही केला.

नवऱ्याच्या मित्रांनी माइक घेतला. एक जण म्हणाला, "आज आपल्या बायचा सत्कार. बायचा आवाज दुबईत पोचलाय. बाय, आज तू आराम कर. तुझा आवाज आम्ही लावतो!" टाळ्या पडल्या. बायला काही कळलं नाही. ती लोक हसले म्हणून हसली.

स्पीकरातून तिचाच आवाज आला.

पहिल्या ओळींना ती इकडे तिकडे बघत राहिली, कोण गातंय म्हणून. मग तिनं ओळखलं. तिनं दिव्याकडे पाहिलं आणि मग गर्दीत मला शोधलं.

मला माहीत होतं पुढे काय आहे. पाकिटं चिकटवताना मी ते शंभरदा ऐकलं होतं. आधी देव, मग सीमा, मग एक श्वास आणि मग नावं. स्पीकरची वायर माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होती. उठून पायानं ओढली असती तरी लोक म्हणाले असते, म्हातारा अडखळला. देव झाले. माझ्या हातात सरबताचा ग्लास होता. सीमा झाल्या. मी ग्लास खाली ठेवायला जागा शोधत होतो, असं मला आठवतं. मग तो श्वास आला.

माझ्या आजोबांचं नाव मांडवभर घुमलं. वडिलांचं, आईचं. शेवटी माझ्या बायकोचं, दुसऱ्याच्या मांडवात, दोन भल्यामोठ्या स्पीकरांतून.

नवऱ्याची आजी खांबाला धरून उभी राहिली. "ही कोनाची मानसं बोलावलीस गो? आमच्या दारात परक्याचं पितर?"

"मी तोंड उघडलं नाय," बाय म्हणाली.

"आवाज तुजाच हाय ना?"

"आवाज माजा हाय. गायली नाय मी."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाय आता न गाता गाते. जेवायला पण स्पीकरलाच वाढा." हशा झाला. आजी हसली नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. सत्कार करणाऱ्या त्या मुलाचा चेहरा उतरला होता. तो माझ्याकडे वळला. "काका, तुमच्या ब्लॉगवर लिहिलंय ना, लग्नात घेतलाय म्हणून? मग ही नावं कोणाच्या लग्नातली?"

नावं माझ्याच घरची आहेत हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं. आमचं घर खाडीच्या दुसऱ्या अंगाला, आणि मरून गेलेल्या माणसांची नावं कोण लक्षात ठेवतो? फक्त बायला माहीत होतं आणि मला. ती माझ्याकडेच बघत होती. ती बोलली नाही. बोलणं माझं होतं, असं तिला वाटलं असणार.

मी म्हणालो, "आता आठवत नाही. पुष्कळ लग्नांत फिरलो."

आजीनं ते वाक्य उचललं. "म्हंजे लग्नालग्नात नावं चुकवते ही. आपल्या पोराच्या लग्नात कोनाला बोलावलं कोनास ठाऊक!"

मला दुरुस्ती करायला तेव्हाही वेळ होता. बायनं दिव्याची वात पुढे सारली आणि खऱ्या नावांनी धवला पहिल्यापासून म्हटला. तिचा आवाज स्पीकरपुढे अगदी लहान वाटत होता. कोणी ऐकत नव्हतं. मी पंगतीला बसलो, जेवलो, शाल घेऊन पेणला आलो.

पंधरवड्यात तो नवरा वडखळच्या नाक्यावर मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. गेल्या पावसानं रस्त्यावर किती खड्डे पडलेत हे सगळ्यांना दिसत होतं. तरी गावात एकच बोलणं झालं, पितरं चुकीची बोलावली. त्या मोसमात बायला सुपारी देऊन बोलवायला कोणी आलं नाही. जिथं धवला हवाच होता तिथं लोकांनी ब्लॉगवरचा सुरुवातीचा तुकडा कापून घेतला, नावांच्या आधीपर्यंतचा. आवाज तिचाच, पण चूक करायला ती नको.

एका सकाळी बाय मिनीडोरनं पेणला आमच्या घरी आली. पायरीवरच बसली, आत आली नाही. सुनेनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं.

"बाला, मी तुना काय बोलली व्हती?"

मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो.

"उतरव बोलली व्हती. तू चढवलास." तिनं बोट वर केलं, जणू ब्लॉग आमच्या छपरावर होता. "आता उतरव."

"उतरवतो, बाय."

"नि त्या गावात जा. सांग, नावं माज्या घरची व्हती, लगीन नव्हतं. माजं कोन ऐकत नाय. तू लिवनारा हायस, तुजं ऐकतील."

"जातो."

"कवा?"

"या रविवारी."

ती उठली. जाताना म्हणाली, "तुज्या मानसांना मी बोलावून ठेवलंय रं. पोचवली नायत अजून. तेवढं मना सलतंय." मी तिला मिनीडोरपर्यंत सोडायला गेलो. चढताना तिनं माझा हात धरला होता, राग नव्हता त्या हातात.

ती गेल्यावर सून दारात उभी होती. "बाबा, तुम्ही विचारलं नव्हतं त्यांना."

"पुस्तकासाठी विचारलं होतं."

"काढते मी लगेच."

"या आठवड्याच्या ऑर्डरी जाऊ दे," मी म्हणालो. दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं चाललं होतं. आवाज काढला की लोक विचारणार, का काढला? मग ते आठ शब्द. सून माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर तिनं स्वतःहून ब्लॉगला हात लावला नाही. पाकिटं मी एकट्यानंच चिकटवली. दीड महिन्यानं, पलंगाखाली काही उरलं नाही तेव्हा, मी तिला म्हणालो, काढ. तिनं काढला. तोवर तो घराघरांतल्या फोनांत होता.

रविवारी मी त्या गावात गेलो नाही. त्या रविवारी नाही आणि नंतरच्याही नाही. वडखळपर्यंत दोनदा गेलो. एकदा नाक्यावर चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा मिनीडोरमध्ये त्या आजीच्या घरचा एक जण भेटला, म्हणाला, "लेखक, नवीन काय?" आणि मी म्हणालो, "चाललंय." मग उतरलोच.

पुढच्या वर्षी कळलं की बायला तिच्या मुलीनं रोह्याला नेलंय. गावात तिचं मन लागत नव्हतं. मग मात्र मी ठरवलं. नुसतं हात हलवत जाऊन माफ कर म्हणणं मला बरं वाटेना. तिच्याकडे गाणं मागायला गेलो तेव्हा मी रीत मोडली होती. निदान माफी रीतीनं मागावी. बाजारातून विड्याची पानं घेतली, सुपारी घेतली, नारळ घेतला. पेणहून रोह्याची गाडी पकडली. कासू जाईपर्यंत वाक्यं पाठ केली. नागोठण्याला ती विसरलो, पुन्हा जुळवली. तीस वर्षं ह्याच मार्गानं कामाला गेलो, पण रोहा इतक्या लवकर कधी आलं नव्हतं.

मुलीनं दार उघडलं. बाय खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. बरीच वाळली होती. मी वाकलो आणि पिशवीतून पानं, सुपारी, नारळ काढून तिच्यापुढे ठेवलं.

तिनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडातलं पहिलं वाक्य तिथंच राहिलं.

"नातीचं ठरलं!" ती म्हणाली. मुलीला हाक मारली. "अगो, इकडं ये. बालानं सुपारी आनली बघ. आपल्याला आवतन हाय!"

पान, सुपारी, नारळ. धवलारणीपुढे ह्या तीन गोष्टी ठेवल्या की त्याचा एकच अर्थ होतो. हे मी पुस्तकात चित्रासकट छापलं आहे. ब्लॉगवर त्यावर एक अख्खा लेख आहे. आणि तेच घेऊन मी माफी मागायला गेलो होतो.

"मुलगा कुठला?" मुलीनं विचारलं.

"पनवेलचा," मी म्हणालो. नात तेव्हा पुण्याला शिकत होती.

"तारीख?"

"कळवतो."

बायनं सुपारी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. "बरं झालं बाला. दोन मोसम कोनी बोलावलं नाय मना. आता तुज्या मानसांना पोचवीन. उभी हायत ना ती अजून." मग मुलीला म्हणाली, "माजा दिवा घासून ठेव गो."

मी चहा घेतला. पाच मिनिटं बसलो असेन. स्टेशनवर येऊन बाकावर बसलो आणि एक गाडी सोडली, म्हटलं, परत जाऊन सांगतो. मग दुसरी आली, तिच्यात बसलो.

तिच्या मुलीचे दोनदा फोन आले. "आई विचारतेय, तारीख निघाली का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, पुढे ढकललंय. तिसरा फोन श्रावणात आला. बाय गेली होती. दहाव्याला मी गेलो, तेव्हा मुलीनं कागदाच्या पुडीत ती सुपारी माझ्या हातात ठेवली. "लग्न न लावता सुपारी ठेवून घ्यायची नसते, काका. आईनं सांगून ठेवलं होतं." तिला काही माहीत नव्हतं. अजूनही नसेल, हे वाचेपर्यंत.

हे मी त्याच ब्लॉगवर टाकतो आहे. सून म्हणाली, मी चढवते. कित्येक वर्षांनी तिनं त्याला हात लावला. खाली पुस्तकाचं चित्र नको, नंबर नको, एवढंच मी सांगितलं. खाडीकाठच्या त्या गावातल्या लोकांना सांगायचं ते असं: त्या दिवशी स्पीकरवर जी नावं आली ती माझ्या आजोबांची, वडिलांची, आईची आणि बायकोची होती. ती मी सांगितली म्हणून बायनं घेतली. लग्न नव्हतं. तिनं कुठल्याही लग्नात कधी नाव चुकवलं नाही.

आणि रोह्याला त्या खिडकीशी बोलायचं होतं ते, कासूपर्यंत पाठ झालेलं, हे:

बाय, ही सुपारी लग्नाची नाही. नातीचं काही ठरलेलं नाही. तू कागदावर उतरव म्हणालीस, मी आवाज घेतला, पुसतो म्हणालो आणि पुसला नाही. तो पुस्तक विकायला लावला. मांडवात तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला सगळं आठवत होतं. आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं. तुझं काम माझ्यामुळे गेलं. मला माफ कर, बाय. आणि जमलं तर, तुझ्यात अजून तेवढा आवाज असला तर, माझ्या माणसांना पोचव.